मेव्हण्यांच्या होड्या

यंदा माझ्या वडिलांनी आमच्या काठाची होडी हरवली. होडी म्हणजे काही चप्पल नव्हे. पुढच्या माणसाला शिंक आली तर मागच्याला ती ऐकीव बातमी म्हणून कळते, एवढी लांब. ती हरवली. मग फुंग घराण्याच्या सभागृहात बैठक झाली, चहा झाला, आणि ठराव झाला की होडी हरवलीच नव्हती. ठराव एकमतानं झाला, त्यामुळं मी पुढं जे सांगतोय त्यात होडी कुठंही हरवलेली नाही. वाचताना कुणाला तसं वाटलंच तर त्यानं जरा वेळ थांबून पाणी प्यावं.

शाचुंगात खाडीच्या अलीकडं आम्ही फुंग राहतो आणि पलीकडं लो. पलीकडचे आम्हांला पलीकडचे म्हणतात, तेवढं सोडलं तर माणसं वाईट नाहीत. गाव पंख्यांचं आहे. ज्याच्या अंगणात बघाल तिथं रंगवलेली पाती वाळत घातलेली. मीही कारखान्यात पंखे तपासायला आहे. पंखा लावायचा, फिरला की बंद करायचा आणि पुढचा घ्यायचा. शिक्षणाचा उपयोग होतोय. बाबांचं माशांचं तळं आहे, पण त्यांना कुणी मासेवाले म्हणत नाही. त्यांना राखणदार म्हणतात.

आमच्याकडं ड्रॅगनची होडी शर्यतीनंतर खाडीच्या गाळात पुरतात. उन्हात ठेवली तर लाकूड तडकतं, गाळात ते जिवंत राहतं. पाचव्या महिन्याच्या पंचमीला शर्यत झाली की रंगीत मुंडकं आणि शेपूट काढून सभागृहात नेऊन ठेवायचं, आणि उरलेलं लांबलचक धड गाळाखाली झोपवायचं. पुढच्या वर्षी चौथ्या महिन्याच्या अष्टमीला उठवायचं. मधल्या काळात ती कुठं झोपलीय हे एकाच माणसाला माहीत असतं. खांब रोवायचा नाही, दोरी बांधायची नाही, झोपलेल्याच्या उशाशी खुंटी ठोकत नाहीत. राखणदारानं आपली खूण डोळ्यांत ठेवायची आणि ती बायकोलासुद्धा सांगायची नाही. आजोबांनी मरताना बाबांच्या कानात खूण सांगितली होती. घर, तळं, भावाबरोबरचं भांडण यांतलं त्यांनी काहीच काढलं नाही. खूण सांगितली आणि गेले.

पलीकडं लोंचा राखणदार म्हणजे माझा सख्खा मामा, यिमकेई. त्याच्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं, लग्न या काठावर झालं तेव्हापासून बाबा आणि मामा एकमेकांना कशातही जिंकू देत नाहीत. एकदा दोघांचे दात एकाच आठवड्यात दुखायला लागले तर आधी कुणाचा दुखला यावर दोघंही दाढ धरून भांडले होते.

यंदा पावसानं ओढ दिली होती. वरून नदीचं पाणी येईना, समुद्राचं खारं पाणी वर चढत होतं, आणि खाडीचा गाळ भाकरीच्या पिठासारखा घट्ट झाला होता. अष्टमीला सकाळी ओहोटी लागली तसे आम्ही सगळे बांबू घेऊन उतरलो. काठावर ढोल आणून ठेवला होता. पाक काका, म्हणजे आमच्या सभागृहाचे प्रमुख, उदबत्त्या लावून उभे होते. फटाक्यांची माळ एका उत्साही गृहस्थाकडं दिली होती.

बाबा मांडीपर्यंतच्या गाळात उभे राहिले. एकदा काठाकडं बघितलं, एकदा देवळाकडं बघितलं, दोन पावलं सरकले.

"इथं," ते म्हणाले.

बांबू खाली गेले आणि तसेच वर आले.

"काका, नुसता गाळ लागतोय," माझा चुलतभाऊ का-मान म्हणाला.

"खाली जा अजून."

"अजून खाली गेलो तर बांबू संपेल."

"मग उजवीकडं बघ. झोपेत जरा सरकली असेल."

पलीकडच्या काठावर मामा खुर्ची टाकून कलिंगडाच्या बिया सोलत बसला होता. त्याची होडी पहाटेच निघाली होती, धुवून बाकांवर उपडी घातली होती, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं.

"दाजी!" तो ओरडला. "काय, सापडतंय का? का आमच्यातलीच देऊ एखादी?"

"तू तुझं बघ, यिमकेई! होडी जागी होतेय, तिला वेळ लागतो!"

"उन्हं डोक्यावर आली, दाजी! आमची उठून आंघोळ करून बसली!"

त्या काठावरचे सगळे लो हसले. या काठावरचेही दोघंतिघं हसले, पण खाली बघून.

इतक्यात एका बांबूला टक्क असं लागलं. ढोल सुरू झाला. फटाकेवाल्यानं तेवढ्यावरच माळ पेटवली. धुरात, आवाजात, 'हो हो हो' करत वीसेक माणसांनी गाळात हात घालून ओढलं आणि वर आलं ते कपडे धुवायचं यंत्र. पाक काकांना धुरातून नीट दिसलं नाही, त्यांनी विधीप्रमाणं त्याच्यावर तांदळाची दारू शिंपडली.

दुपारी भरती चढली तसे सगळे बाहेर आले. का-माननं घरून मासे शोधायचं यंत्र आणलं होतं. ते पाण्यात सोडलं की पडद्यावर तळाचं चित्र दिसतं. त्याला तळाशी एक सायकल, एक मेज आणि आमच्याच कारखान्याचा एक पंखा सापडला.

"बघा काका, यंत्र," का-मान पाक काकांना म्हणाला. "माणसाचा विसराळूपणा यात नसतो."

पाक काकांनी पडदा खालीवर करून बघितला. मग बाबांकडं न बघता म्हणाले, "वायसाम, पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीपर्यंत बघू. नाहीतर राखणदारी का-मानकडं देऊ. वाईट वाटून घेऊ नको. काळ बदलतो."

बाबा बांबू धुवायला लागले. त्यांच्या कानात गाळ गेला होता, त्यामुळं त्यांना ऐकू आलं नसणार, असं आम्ही सगळे धरून चाललो.

पुढं रोज ओहोटी लागली की बाबा आणि मी खाडीत. कारखान्यात मी सांगितलं की घरी म्हातारं माणूस झोपलंय, ते उठेपर्यंत रजा पाहिजे. गाळातून पाय ओढून काढताना प्रत्येक वेळी असा आवाज येई की माणूस आपोआप माफी मागतो. थंडीत बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. एका हातानं ते पोट धरत आणि दुसऱ्या हातानं बांबू खुपसत. खुपसायचा, फिरवायचा, टोकाचा वास घ्यायचा, पुढं सरकायचं. खेकड्यानं माझ्या अंगठ्याचा चावा घेतला तर म्हणाले, "ओरडू नको. पलीकडं ऐकू जातं." संध्याकाळी आई परातीत गरम पाणी घेऊन बसे आणि त्यांच्या नखांतला गाळ शिंपल्यानं कोरून काढी. आल्याचं सूप समोर निवून जाई. तळ्यातल्या माशांना गवत टाकायचं राहून जाई. मासे काठाशी येऊन तोंडं उघडत, पण त्यांचं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

एकदा तर बाबांची चड्डीच गाळानं ठेवून घेतली. भरती चढत होती, शोधायला वेळ नव्हता. बाबा पोटाशी घमेलं धरून घरी निघाले. नव्या सुशोभित काठावर बायकांचा नाचाचा व्यायाम चालला होता. बायकांनी नाच थांबवला नाही. तालातच सगळ्या एकदम पलीकडं वळल्या, बाबा पुढं गेले, आणि तालातच परत वळल्या. बाबा म्हणाले, "चांगल्या घरच्या बायका आहेत."

त्या रात्री जेवताना आईनं खारवलेलं अंडं कापून त्यांच्या भातावर ठेवलं.

"अहो, एक विचारू?"

"खूण विचारू नको."

"खूण नाही विचारत. मी म्हणते, एवढी वर्षं सापडायची, यंदाच काय झालं? खाडी तीच, देऊळ तेच. तेवढं लिचीचं झाड काय ते हलवलं."

बाबांच्या जेवायच्या काड्या तोंडाजवळ थांबल्या. त्यांच्यातलं अंडं खाली पडलं.

"काय हलवलं?"

"लिचीचं झाड. तुम्ही दवाखान्यात होतात ना तेव्हा. सुशोभनवाले आले, मुळासकट काढलं, क्रेननं उचललं आणि पुढं कमानीशेजारी लावलं. फोटोत येत नव्हतं म्हणे. चांगलं धरलंय तिथं. फळंही लागलीत."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"झाडाची बदली झाली हे तुम्हांला कशाला सांगायचं? तुमचा काय संबंध?"

बाबांना संबंध सांगता येत नव्हता. त्यांनी पडलेलं अंडं उचलून परत खाली ठेवलं. आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मग तिनं हळूच भातावर झाकण ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि खूण तिला अशी कळली.

दुसऱ्या दिवशी प्रश्न असा होता की झाड आधी नेमकं कुठं होतं. काठाचं रूप पार बदललं होतं. दगडी कठडा, फुलांच्या कुंड्या, हृदयाच्या आकाराचं बाक. आई म्हणाली, "मी त्या झाडाखाली बसून बदकाची अंडी विकलीत. मला डोळे मिटून सांगता येईल." आणि ती डोळे मिटून चालत गेली, दोन कुंड्या पाडल्या, आणि बाकावर जाऊन चढली.

"इथं होतं."

बाबा खाडीत होते. "हात वर कर!" ते ओरडले.

"कशाला?"

"झाड एवढं बुटकं नव्हतं!"

आईनं हात वर केले. बाबा गाळात पाय ओढत इकडून तिकडं सरकू लागले. देवळाच्या आढ्यावर मातीचा मासा आहे, तो झाडाच्या बरोबर वर आला पाहिजे, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मलाही खूण कळली, आणि बाकाजवळ गर्दी करून उभ्या राहिलेल्या, नवा काठ बघायला आलेल्या पाहुण्यांनाही. एका बाईनं आईला विचारलं, "हा कुठला व्यायाम आहे?"

"झाडाचा," आई म्हणाली.

"कशाला चांगला?"

"नवऱ्याला."

ती बाई शेजारी उभी राहिली आणि तिनंही हात वर केले. "एकच झाड पाहिजे!" खाडीतून बाबा ओरडले. "दोन झाडं नकोत!"

शेवटी बाबा एका जागी थांबले. मासा, आई, बाबा एका रेषेत आले. त्यांनी बांबू खुपसला. बांबू लोण्यात जावा तसा आत गेला आणि त्याच्यामागं बाबाही गेले, थेट छातीपर्यंत. मी धावलो. आजूबाजूला सगळा गाळ घट्ट होता आणि तेवढाच भाग मऊ, ताजा, नुकताच भरलेला. मी बांबूनं कड शोधत गेलो. कड सरळ चालली, मग निमुळती झाली, मग वळून परत आली. होडी नव्हती. होडीच्या मापाचा खड्डा होता.

बाबा खड्ड्यात तसेच उभे राहिले आणि त्यांनी पलीकडं बघितलं. मीही बघितलं. पलीकडं बाकांवर घातलेल्या होडीला मामाची माणसं तेल लावत होती. आता नीट बघितल्यावर ती होडी मला ओळखीची वाटायला लागली. आडनाव फुंग असल्यासारखी.

"लगेच काही बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "पहिल्यांदा मला इथून बाहेर काढ."

खात्री करायला आई माहेरी गेली. हातात खारवलेल्या अंड्यांची टोपली. आमच्याकडं बाईनं ड्रॅगनच्या होडीला हात लावायचा नसतो. तिनं लावला नाही, तेल लावणाऱ्यांना अंडी वाटत वाटत खाली वाकून आतून बघितलं. परत आली ती हात धुवून शेंगा सोलायला बसली.

"दात नाही," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"यिमकेईचा. लहानपणी आमच्या होडीत उड्या मारताना पडला तो तिसऱ्या फळीवर. पुढचा दात तुटून लाकडात रुतून बसला. अजून असेल तिथंच. वडील म्हणाले होते, राहू दे, होडीला एक दात जास्त. त्या होडीत तो दात नाही." तिनं एक शेंग मोडली. "तुमची होडी आहे ती."

आता बाबांनी उठून सभागृहात जायचं, एवढंच राहिलं होतं. होडी सापडलीय, मेव्हण्यानं उचललीय, तिकडं उपडी पडलीय. राखणदारी राहिली असती. मामाची गेली असती, आणि पुढची पन्नास वर्षं दोन्ही काठांवर लहान मुलांनी त्याच्यामागं काय काय म्हणत फिरायचं तेही ठरून गेलं असतं.

"तुम्ही जाऊन सांगा हवं तर," आई म्हणाली. "भाऊ माझा आहे, पण राखणदारी तुमची आहे. मी कुणाच्याच बाजूनं बोलणार नाही."

आणि खरंच ती बोलली नाही. फक्त शेंगा जरा जोरात मोडायला लागल्या.

बाबांनी चहा ओतला, प्यायला नाही, परत ओतला. चहा भरलेल्या पेल्यावरून वाहून मेजावर गेला. मग म्हणाले, "आ-लोक, टोपली घे. शिंपल्या वेचायला जाऊ."

"आपल्याला शिंपल्या कशाला?"

"घे म्हणतो ना."

ओहोटीला खाडीच्या मध्यावर पाणी गुडघ्याएवढं असतं. दोन्ही काठांवरून दिसतं, पण ऐकू येत नाही. बाबा वाकून वेचायला लागले. थोड्या वेळानं पलीकडून मामा टोपली घेऊन आला आणि तोही वाकला. दोघं पाठ वाकवून, एकमेकांकडं न बघता बोलत होते.

"काय दाजी, शिंपल्या?"

"शिंपल्याच."

"मिळतायत?"

"एक मोठी मिळणार होती. कुणीतरी आधीच नेली."

मामानं बराच वेळ एकच शिंपली धुतली.

"मुंडकं बसेना तेव्हाच कळलं मला," तो म्हणाला. "आमच्या मुंडक्याचं बूड बारीक, तुमच्या होडीचं भोक मोठं. चिंध्या कोंबून बसवलं."

"मग बोलला का नाहीस?"

"फटाके वाजून गेले होते, दाजी. वाजलेले फटाके परत कसे घ्यायचे?"

"आणि वर मला खुर्चीतनं टोमणे मारत होतास!"

"ते तेव्हा माहीत नव्हतं. मुंडकं दुपारी बसवलं. दुपारनंतर मी एक तरी टोमणा मारला का, सांगा."

बाबांनी आठवून बघितलं. मारला नव्हता.

"आणून टाकू का तुमच्या काठाला? गुपचूप?" मामानं विचारलं.

"ती उचलायला दोन डझन माणसं लागतात. दोन डझन माणसं गुपचूप? त्यापेक्षा तुझी कुठं पुरलीस ते सांग."

मामा ताठ उभा राहिला. "खूण सांगायची नसते, दाजी."

"यिमकेई!"

"सांगतो, सांगतो. वाका जरा, बघतायत सगळे." तो परत वाकला. "आमच्या चक्कीची चिमणी, आणि तिच्यासमोर तुमच्या काठावरचं लिचीचं झाड."

म्हणजे झाड सरकलं तशी मामाची रेघही सरकली आणि बरोबर आमच्या होडीवर येऊन थांबली. बाबांच्या हातातली टोपली वाहून जायला लागली. मी ती धरली.

"आमच्या झाडावर तू तुझी होडी ठेवलीस?"

"झाड काय तुमचं एकट्याचं? पलीकडून पण दिसतं ते! आजोबांपासूनची खूण आहे आमची!"

"एवढी वर्षं फुकट आमचं झाड वापरलं!"

"भाडं देऊ का आता?"

दोघं इतक्या जोरात बोलायला लागले की काठावरून कुणीतरी ओरडलं, "शिंपल्या वाटून घ्या की रे!"

पौर्णिमेच्या सकाळी पाणी पार आटलं. आई आदल्या दिवशीच, मामाच्या खुणेसाठी, परत एकदा बाकावर झाड होऊन उभी राहिली होती. यावेळी तिच्याबरोबर सहा बायका होत्या, व्यायाम म्हणून. बाबा सगळ्यांना घेऊन खाडीत उतरले, चार पावलं चालले, आणि न बघता म्हणाले, "इथं."

टक्क.

कुणी नाचलं नाही. फटाकेवाल्यानं काडीसुद्धा ओढली नाही. हातांनी, घमेल्यांनी, ताटांनी गाळ उपसला तेव्हा काळं, निमुळतं नाक वर आलं. मग मात्र सगळे ओरडले. दोन्ही बाजूंनी धरून आम्ही तिला डावीउजवीकडं डोलवलं, पोटातला गाळ भसाभसा बाहेर पडला, आणि ती एकदम हलकी होऊन पाण्यावर आली. बाबा तिच्या शेजारी पाण्यात बसूनच राहिले. पाक काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. का-मान यंत्राच्या पडद्याकडं बघत होता. पडद्यावर एक मासा दिसत होता.

तिसऱ्या फळीवर बाबांनी सगळ्यांत आधी टॉवेल टाकला.

घरी आणून मुंडकं बसवायला घेतलं तर बसेना. आमच्या मुंडक्याचं बूड जाड. बाबांनी पटाशी घेतली आणि तासायला लागले.

"यंदा जरा सुजलंय," ते म्हणाले.

"वर्षभर पडून असतं," पाक काका म्हणाले. "सुजणारच."

सगळ्यांनी माना हलवल्या. सरावाला उतरलो तर आणखी गंमत. आमची होडी जन्मापासून डावीकडं ओढते, त्यामुळं आमचा सुकाणूवाला सवयीनं उजवीकडं दाबून धरतो. ही होडी सरळ जाणारी. आम्ही दोनदा उजव्या काठावर चढलो, दुसऱ्या वेळी थेट बदकांच्या शेडमध्ये.

"वारा आहे," सुकाणूवाला म्हणाला.

वारा नव्हता. "फार वारा आहे," सगळे म्हणाले. खाडीच्या खालच्या वळणावर लोंची होडी गोल गोल फिरताना दिसत होती. त्यांनाही वारा लागला असणार.

शर्यतीच्या आधी होड्या एकमेकींच्या घरी जातात, तशी पद्धत आहे. आम्ही ढोल वाजवत लोंच्या काठाला लागलो. त्यांची होडी शेजारी उभी होती. पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या, भाजलेलं डुक्कर, सगळी तयारी. लोंच्या थोरल्या आजोबांना खुर्चीसकट उचलून पाण्यापर्यंत आणलं होतं. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. पाहुण्या होडीवर हात फिरवून तिला दारू पाजण्याचा मान त्यांचा. त्यांनी नाकावर हात फिरवला, कडेवर फिरवला, आणि म्हणाले, "मला जरा आत धरा."

बाबा आणि मामा दोघंही एकदम पुढं झाले. "आजोबा, आत ओलं आहे," मामा म्हणाला.

"होडी आहे, ओलीच असणार. धर."

आजोबांनी पहिल्या फळीवर हात फिरवला, दुसऱ्या फळीवर फिरवला. तिसऱ्या फळीवर टॉवेल होता. तो त्यांनी उचलून मामाच्या हातात दिला. मग बोटानं चाचपत राहिले. ढोल थांबला होता. मामा टॉवेल बाबांकडं सरकवत होता, बाबा तो परत त्याच्याकडं सरकवत होते.

"यिमकेई," आजोबा म्हणाले. "तोंड उघड."

मामानं तोंड उघडलं. आजोबांनी त्याच्या सोन्याच्या दातावर बोट ठेवलं, मग परत फळीवर ठेवलं.

"हं," ते म्हणाले. "वायसाम."

"जी, आजोबा."

"आमची पोर तुझ्या घरी दिली, तिला आम्ही वर्षातून एकदा माहेरी बोलावतो ना?"

"बोलावता."

"मग ही आलीय माहेरी. आणि तुमची आमच्याकडं पाहुणी आहे. एवढ्या वर्षांत कुणाला सुचलं नाही, यंदा या दोघांना सुचलं. चांगली गोष्ट आहे." त्यांनी दारू ओतली, आधी होडीवर, मग उरलेली स्वतःच्या तोंडात. "आता पाहुणचार झाला की ज्याची त्याच्या घरी न्या."

पाक काका होडीत माझ्यापुढंच बसले होते. ते उठून म्हणाले, "आम्ही पोहोचवायलाच आणली होती."

मी मागं वळून आमच्या माणसांकडं बघितलं. कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सुकाणूवाला म्हणाला, "पहिल्या दिवशीच कळलं. सरळ जाते म्हणजे काय!" लोंचा ढोलवाला म्हणाला, "आम्ही तीन दिवस गोल फिरलो, आम्हांला काय वेड लागलं होतं?" भाताच्या पुड्या वाटणाऱ्या बायकांना आईच्या झाडापासून माहीत होतं. एकट्या का-मानला माहीत नव्हतं. त्याच्या यंत्रात ते आलं नाही.

आई काठावर उभी होती. तिनं बाबांना पुडी दिली, मामाला पुडी दिली, आणि दोघांनाही म्हणाली, "खा आता. आठवडाभर जेवला नाहीत कुणी." बाबांनी तिथंच, गुडघाभर पाण्यात, तीन पुड्या खाल्ल्या. मामानं मोजल्या आणि चार खाल्ल्या.

मुंडकी तिथल्या तिथं बदलली. आमचं तासलेलं बूड आमच्या भोकात आता डुगडुगायला लागलं, मामाच्या चिंध्या इकडं आल्या. शर्यतीत आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटचे लो आले, त्यामुळं बाबांचं वर्ष चांगलं गेलं.

मग सभागृहात ती बैठक झाली. बाबांची राखणदारी राहिली, पलीकडं मामाचीही राहिली, फक्त दोन्ही होड्या यापुढं दोघांनी मिळून पुराव्यात असं ठरलं. एकावर विश्वास नाही म्हणून नव्हे. दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतात, तेवढं कुणीच ठेवत नाही म्हणून. होड्या पुरल्या त्या दिवशी संध्याकाळी दोघं आमच्या अंगणात बसले. नवी खूण काय धरायची यावर भांडण झालं. मग एवढं सगळं झालं कुणामुळं, हे कागदावर यायला पाहिजे असं मामा म्हणाला. माणसाचं नाव घालायचं नाही, नातं बिघडतं. सुशोभनवाल्यांचं घालायचं नाही, ते परत काहीतरी सुंदर करायला येतील. विचार करता करता दोघांचं प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं. बाबांनी सांगितलं, मामानं दुरुस्त केलं, मी लिहिलं.

प्रति, मा. प्रमुख, नगर कार्यालय, शाचुंग.

विषय: खाडीतील गाळास समज देणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आम्ही खाली सही करणारे दोन्ही काठांचे राखणदार नम्रपणे कळवितो की, सदर गाळ हा दररोज दोन वेळा भरती-ओहोटीचे निमित्त करून कोणतीही पूर्वसूचना न देता आपली जागा सोडतो, तसेच त्याच्याकडे सोपविलेल्या वस्तूंबाबत विचारणा केली असता उत्तर देत नाही. त्याच्या ताब्यात सध्या दोन होड्या आहेत. तरी आपल्या स्तरावरून सदर गाळास लेखी समज देण्यात यावी की, पुढील वर्षीच्या चौथ्या महिन्याच्या अष्टमीपर्यंत त्याने आहे त्या ठिकाणी हजर राहावे, अपरिहार्य कारणास्तव हलावयाचे झाल्यास उभयतांची आगाऊ परवानगी घ्यावी, आणि समज पोहोचल्याबद्दल गाळाची सही घेऊन तिची एक एक प्रत आम्हां दोघांस वेगवेगळी देण्यात यावी, ही विनंती.